कोरोनाने दुकानात आणलेला मोबाइल : कोकणातल्या छोट्या धंदेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मार्च २०२० पासून काउंटरपलीकडून जे प्रश्न येत राहिले आणि अजूनही येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे म्हणजे किराणावाले, आंबा बागायतदार, मच्छीवाल्या, घरी पदार्थ करून विकणाऱ्या बायका आणि घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी मंडळी. मोठ्या रिसॉर्टवाल्यांना यात फारसं काही मिळायचं नाही.

कोरोनाच्या आधी कोकणात हे काहीच नव्हतं का?

होतं की! यूपीआय २०१६ सालीच आलं आणि त्याच वर्षी नोटाबंदीही झाली. धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअॅप २०१८ मध्ये आलं. यूपीआयवर पैसे घेतले तर दुकानदाराला कसलाही आकार पडणार नाही, असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, म्हणजे टाळेबंदीच्या जेमतेम तीन महिने आधी. साधनं हाताशी होती, पण त्यांची गरज कुणाला वाटत नव्हती. गिऱ्हाईक ओळखीचं, उधारी वहीत आणि वसुली गणपतीला मुंबईकर आले की. असं वर्षानुवर्षं चाललेलं असताना फोनवर पैसे घ्यायचे कशाला?

मग २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. लोक म्हणतात, नोटेला हात लावायची भीती वाटली म्हणून क्यूआर आला. तेही खरं आहे, पण आमच्या डोळ्यांसमोर जे झालं ते थोडं वेगळं होतं. पहिला रेटा मुंबईहून आला. मुलगा नालासोपाऱ्यात अडकलेला आणि आई-बाबा इथे वाडीत. तो दुकानदाराला फोन करायचा, “काका, आईकडे महिन्याचं सामान पोचवा, पैसे आत्ता टाकतो, नंबर सांगा.” नंबर सांगता यावा म्हणून कितीतरी काकांनी यूपीआय सुरू केलं. पुढे मेमध्ये चाकरमानी गावी यायला लागले, शाळेत विलगीकरणात राहून घरी पोचले आणि शिकवायला घरात माणूस मिळाला. इथे जे टिकलं ते या मुंबई-गाव नात्यावर बसलं म्हणून टिकलं. नुसत्या भीतीने आलेलं बरंचसं भीतीबरोबर निघून गेलं.

म्हणजे काय टिकलं नि काय गेलं?

क्यूआर आणि व्हॉट्सअॅपवरची यादी टिकली. गुगलच्या नकाशावर नाव घालणं थोडं उशिरा आलं, पण तेही टिकलं. ‘तुमच्या दुकानाचं स्वतःचं अॅप’ मात्र पार बुडालं. २०२० च्या पावसाळ्यात अशी अॅप विकणारे रोज फोन करायचे. तीनशे घरांच्या गावात किराण्याचं अॅप कोण उतरवून घेणार? ज्याच्याकडून घ्यायचं तो माणूस समोरच राहतो. आजही कुणी असं अॅप गळ्यात मारायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

किराणा दुकानात व्हॉट्सअॅपची यादी खरंच उपयोगी पडते का?

एप्रिल २०२१ आठवा. ‘ब्रेक द चेन’ या राज्य सरकारच्या निर्बंधांमध्ये किराणा दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी होती. चार तासांत अख्खं गाव दारात. ज्यांनी आदल्या रात्री याद्या मागवून पिशव्या बांधून ठेवल्या, त्यांच्या दुकानासमोर रांग लागली नाही. ती सवय पुढेही राहिली.

यादी कशी येते ते मात्र ठरवून ठेवा. कुणी कागदावर लिहून फोटो काढतं, कुणी बोलून पाठवतं आणि त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या. आमच्या शेजारच्या दुकानात एक आजी रोज बोलून पाठवायच्या, “रवा दे, मागच्यासारखा नको.” मागचा कुठला, बारीक की जाडा, हे कळायला दुकानदाराला फोन करावाच लागायचा. त्याने उपाय काढला : यादी आली की सामान मांडून एकच फोटो उलट पाठवायचा, वर एकूण रक्कम. आजी फोटो बघून ‘हो’ म्हणाल्या की पिशवी बांधायची. भांडणं संपली.

माझं खातं पतसंस्थेत आहे. त्यावर क्यूआर मिळेल का?

नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे आणि यूपीआयला बँकेचं खातं लागतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातंही चालतं. पतसंस्थेतलं खातं मोडायची मात्र काही गरज नाही. अडचणीला कर्ज तिथूनच मिळणार.

यातून आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा, येतो तेव्हा गल्ल्यात पूर्वीइतकी रोकड नसते आणि पिग्मी बुडते. बँकेत पडलेले पैसे दिसत नाहीत म्हणून खर्च होतात आणि शिल्लक तर पिग्मीतच पडायची. त्यामुळे रोज नाही तर दर सोमवारी का होईना, ठरलेली रक्कम काढून पिग्मीला द्या.

मच्छी विकते. हात ओले, खवलं चिकटलेलं. फोन कुठे हाताळू?

फोन हाताळायचाच नाही. बाजारातल्या एका मावशींची रीत सांगतो. त्यांचा क्यूआर लॅमिनेट करून पाटीच्या कडेला नाही, तर डोक्यावरच्या छत्रीच्या दांडीला बांधलेला असतो. खाली ठेवला की बर्फाच्या पाण्याने कागद सुटतो, शिंतोडे उडून चौकटी झाकल्या जातात आणि गिऱ्हाइकाचा फोन नुसता गरगरत राहतो. शेजारी पैसे आले की रक्कम बोलून सांगणारं आवाजाचं यंत्र, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत. बांगड्याचा वाटा उचलून गिऱ्हाईक पैसे टाकतं, यंत्र बोलतं, मावशी मान डोलावतात. कोयता हातातून खाली ठेवावा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र बघा. क्यूआर मुलाच्या किंवा सुनेच्या खात्याचा असेल तर पैसे त्यांच्याकडे जातात आणि संध्याकाळी हर्णैला लिलावात मासळी उचलायला तुमच्या हातात रोकड नसते. स्वतःच्या खात्याचाच क्यूआर घ्या. आणि यंत्राचं महिन्याचं भाडं खात्यातून आपोआप कापलं जातं. यंत्र देणारा हे सांगतोच असं नाही. मासेमारी जून-जुलैत बंद असते तेव्हाही भाडं चालूच राहतं, हे धरून हिशेब करा.

गिऱ्हाइकाने पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. माल द्यावा का?

नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अॅप आहेत. आपल्या बँकेचा मेसेज किंवा यंत्राचा आवाज, याशिवाय काही मानू नका.

आंबा थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकावा की वाशीच्या घाऊक बाजारातच पाठवावा?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण कोरोनाने कोकणात खरी उलथापालथ केली ती इथे.

२०२० साली हापूस ऐन भरात असताना टाळेबंदी आली. वाशीचा बाजार मधूनमधून बंद, ट्रकला ड्रायव्हर नाही आणि झाडावर फळ थांबत नाही. तेव्हा बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप गाठले. एका सोसायटीतून पन्नास-साठ पेट्यांची मागणी, पैसे आगाऊ फोनवर आणि गाडी थेट गेटवर. मे २०२० मध्ये एसटीने मालवाहतूक सुरू केली, तिनेही पेट्या नेल्या. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत भाव कळायचा नाही, त्यात भाडं, हमाली, दलाली वजा होऊन काय उरलं ते शेवटी बघायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्या वर्षी पहिल्यांदाच अनेकांनी स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगितला. पाच डझनाची पेटी एवढ्याला, घ्यायची तर घ्या. ही गोष्ट छोटी नाही.

पण थेट विक्रीत दलालाचं कामही तुमच्याच अंगावर येतं आणि ते काम काय होतं हे तेव्हा कळतं. पहिलं काम तक्रारीचं. हापूसमध्ये साका, म्हणजे आत पांढरट, स्पंजासारखा झालेला गर, निघतो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. कापल्यावरच दिसतो. वाशीला माल गेला की साक्याची तक्रार तुमच्यापर्यंत पोचायचीच नाही. आता गिऱ्हाईक अर्ध्या तासात फोटो टाकतं, तोही दोनशे माणसांच्या ग्रुपवर. यावर चाललेला उपाय एकच : नियम आधी लिहून द्यायचा. पेटीत इतकी फळं खराब निघाली तर फोटो पाठवा, तेवढ्याचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत जास्त फळं. वाद घालत बसलात तर पुढच्या वर्षी तो ग्रुप गेला समजा.

दुसरं, पिकण्याचं. शहरातल्या माणसाला पेटी उघडल्या दिवशी आंबा खायचा असतो. तुम्ही पाठवता कच्चा, गवतात तयार व्हायला आठेक दिवस घेणारा. पेटीत एक छापील चिठ्ठी टाका : कधी काढला, कधी तयार होईल, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तिसरं, नावाचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. त्याच्या वापरासाठी बागायतदाराने स्वतःची नोंदणी करावी लागते. नुसतं ‘अस्सल देवगड’ छापून भागत नाही. परप्रांतातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो तेव्हा हीच नोंदणी तुमच्या बाजूने बोलते.

तर वाशी की थेट? दोन्ही. निवडक मोठं फळ थेट गिऱ्हाइकाला आणि उरलेला माल बाजारात. सगळी बाग व्हॉट्सअॅपवर विकायला निघालेले काहीजण दुसऱ्याच वर्षी दमले. दिवसभर काढणी आणि रात्री बारापर्यंत ‘दादा, माझी पेटी कुठे पोचली?’ याला उत्तरं. घरात फोन सांभाळणारं वेगळं माणूस असेल तरच मोठा पसारा मांडा. आणि दलालाशी संबंध तोडू नका. फवारणीला आगाऊ रक्कम तोच देत आलाय, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही देत.

आंबापोळी, कोकम आगळ, खाजं घरी करते. काय कागद लागतात?

वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर अन्नसुरक्षा विभागाची साधी नोंदणी पुरते. फी वर्षाला १०० रुपये. नंबर पाकिटावर छापायचा. सोबत घटक पदार्थ, वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत टिकेल हेही. जून २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तिच्यात यंत्रसामग्रीच्या कर्जाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलं होतं. आटवणीची मोठी कढई किंवा ड्रायर घ्यायचा विचार असेल तर कृषी कार्यालयात चौकशी करा.

व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना मेसेज टाकते, पण पोचतच नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून पाकिटावर ठळक छापा : ‘नंबर सेव्ह करून ठेवा.’ आणि रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार टाकू नका. लोक वैतागतात आणि मग कामाचा मेसेजही उघडत नाहीत.

उधारीचं काय? क्यूआर आला म्हणून उधारी बंद झाली का?

मुळीच नाही. उधारी हा इथल्या धंद्याचा कणा आहे. फरक पडला तो वसुलीच्या वेळेत. पूर्वी गणपती, शिमगा, मे महिना अशा तीन वसुल्या. आता महिन्याच्या एक-दोन तारखेला मुंबईहून पगार झाला की पैसे येतात, कारण पाठवायला माणूस समोर लागत नाही. उधारीचं अॅप वापरायला हरकत नाही, पण ते गिऱ्हाइकाला आपोआप आठवणीचे मेसेज पाठवतं, ते आधी बंद करून टाका. ज्याच्या घरी काल मयत झालंय त्याला आज ‘तुमची ₹४२० बाकी आहे’ असा मेसेज गेला तर पिढ्यांचं गिऱ्हाईक तुटतं.

आमच्याकडे रेंजच नसते. मग?

पैसे घेणाऱ्याला इंटरनेट लागत नाही, देणाऱ्याला लागतं. तुमच्याकडे नुसता बँकेचा मेसेज आला तरी पुरे. आवाजाच्या यंत्रात स्वतःचं सिम असतं. घेताना तुमच्या वाडीत कुठल्या कंपनीची रेंज लागते ते सांगूनच घ्या. साध्या बटणाच्या फोनवरून *९९# लावूनही पैसे पाठवता येतात. थोडं किचकट आहे, पण होतं.

वीज गेली की सगळंच बसतं, हेही खरं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. मंडणगड, दापोलीपर्यंत खांब आडवे, टॉवर मुके. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नुकतंच सगळ्यांनी फोनवर पैसे घ्यायला सुरुवात केलेली आणि पुन्हा नोटा-चिल्लर. कौलं, पत्रे, मेणबत्त्या सगळं रोखीने. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो : आठवडाभर माल आणता येईल एवढी रोकड घरात असू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

हिशेब वहीतच ठेवतो. मोबाइलवर घ्यायलाच हवा का?

वही चांगलीच आहे. फक्त रोज रात्री त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून मुंबईतल्या मुलाला पाठवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा वह्या गेल्या आणि ज्यांनी कॉम्प्युटर घेतले होते त्यांचे कॉम्प्युटरही गेले. हिशेब वाचले ते ज्यांची नक्कल दुसऱ्या ठिकाणी होती त्यांचे. विम्याला किंवा पंचनाम्याला दुकानातल्या मालाचे फोटोही लागतात. मे अखेरीस पाच मिनिटांचा एक व्हिडिओ करून ठेवला की झालं.

यूपीआयवर पैसे घेतले तर टॅक्सवाले मागे लागतील ना?

ही भीती जुलै २०२५ नंतर वाढली. कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान व्यापाऱ्यांना, अगदी भाजीवाल्यांनाही नोटिसा गेल्या आणि बातमी इथे पोचली. म्हणून काहींनी क्यूआर काढून ठेवले. ते उगाच. नियम एवढे समजून घ्या : मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर आणि सेवेच्या धंद्यात २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. ताजी फळं, ताजी मासळी करमुक्त आहे. फक्त तेवढंच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. काजूगर, आंबापोळी, सरबतं यांवर कर आहे आणि बांदा-सावंतवाडीकडच्यांनी लक्षात ठेवा, असा माल गोव्यात विकला तर तो परराज्यातला व्यवहार ठरतो. तिथे ४० लाखांची सवलत नाही.

आयकरात उलट फायदाच आहे. लहान धंद्यासाठी अंदाजे नफ्याची जी सोय आहे, तिच्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. फक्त घरचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात कालवू नका. भावाने घर दुरुस्तीला पाठवलेले दोन लाख नंतर विक्री वाटतात आणि समजावताना घाम फुटतो.

फसवणुकीचे कुठले प्रकार इकडे जास्त दिसतात?

‘मी लष्करात अधिकारी आहे, युनिटसाठी चाळीस थाळ्या हव्यात’ हा फोन टाळेबंदीपासून सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. खानावळवाले आणि होम-स्टेवाले त्याचे आवडते. आगाऊ रक्कम देतो म्हणून क्यूआर पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाका सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एवढं एक वाक्य गल्ल्यावर चिकटवून ठेवा. दुसरा प्रकार, रात्रीतून तुमच्या क्यूआरवर दुसऱ्याचा क्यूआर चिकटवणं. सकाळी दुकान उघडताना एक रुपया टाकून बघा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते, दोन दिवसांनी कठीण होतं.

होम-स्टेला बुकिंगच्या साइटवर जावं का?

पहिल्या वर्षी जा, ओळख होईपर्यंत. पण प्रत्येक बुकिंगमागे ते बऱ्यापैकी कमिशन कापतात. जुलै २०२० मध्ये राज्यात हॉटेलं ३३ टक्के क्षमतेने उघडली तेव्हा लोक आधी व्हिडिओ कॉलवर खोली, संडास, अंगण सगळं बघायचे आणि मगच यायचे. ती सवय तुमच्या फायद्याची आहे. नकाशावर खूण मात्र नीट लावा. दिवेआगर-गुहागरकडे खूण चुकून शेजारच्या पाखाडीत पडली की पुण्याची गाडी रात्री कुणाच्यातरी गोठ्यासमोर उभी राहते.

सरकारी योजनांपैकी कुठली नोंदणी करून ठेवावी?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची केंद्राची नोंदणी, १ जुलै २०२० पासूनची. फुकट आहे आणि कर्जाला उपयोगी पडते. नगरपंचायत-नगरपरिषद हद्दीत रस्त्यावर विकत असाल तर स्वनिधी, ही फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना. जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं. क्यूआरवर व्यवहार केले तर थोडे पैसे परतही मिळतात.

हे सगळं तुमच्याकडे करून मिळेल का? काय आणायचं?

मिळेल. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. उद्यमला सरकारी फी नाही, आम्ही फक्त प्रिंटचे आणि वेळेचे घेतो. आधारला मुलाचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, तेव्हा निघण्याआधी त्याला कळवून ठेवा की फोन उचल. सकाळी लोकल चुकवून तो घरी असेल अशी आशा धरू नका, दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत या.